वसईच्या किल्ल्यातलं गोन्सालो गार्सिया चर्च पहिल्यांदा बघायला जाताय? मग असं जा

आमच्याकडे वसईला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला हा ठरलेलाच, आणि त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे. वीसेक वर्षं झाली आता. सुरुवातीला मीपण सगळ्यांसारखीच फिरवायचे, रिक्षातून उतरायचं, चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी फोटो काढायचा, मग पडक्या भिंती, परत पडक्या भिंती, ऊन लागलं की घरी. पाहुणे म्हणायचे छान आहे हो, आणि पुढच्या वेळी आले की विचारायचे, आपण तो किल्ला बघितला होता का गं? तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळा किल्ला एका दमात बघायला गेलं की काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा एक जागा धरायची, तिच्यापर्यंत नीट चालत जायचं, तिथे अर्धा तास बसायचं आणि मग बाकीचं जेवढं होईल तेवढं. माझी ती जागा म्हणजे आतलं संत गोन्सालो गार्सिया चर्च. किल्ल्यातली बाकीची चर्चेस उघडी पडलीयत, झाडं उगवलीयत आतून, पण या एकाला परत छप्पर घातलंय आणि वर्षातून एकदा तरी तिथे माणसं जमून प्रार्थना करतात, म्हणून ते बघताना नुसतं पडकं काहीतरी बघतोय असं वाटत नाही.

हे सगळं लिहितेय कारण नवीन माणसाला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. पाट्या थोड्या आहेत, आत रस्ते फुटलेले आहेत, आणि बरेच जण चर्चच्या दारापर्यंत जाऊन आत जाऊ की नको, आपल्याला चालेल का, या संकोचाने परत फिरतात. चालतं. या.

निघायच्या आधी एवढं डोक्यात ठेवा

फार इतिहास पाठ करायची गरज नाही पण चार गोष्टी माहीत असल्या की दगड बोलायला लागतात.

वसई हा नुसता लढायचा किल्ला नव्हता, तटबंदीच्या आत अख्खं शहर होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि पुढची दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं झालं, म्हणजे गोव्याच्या खालोखाल वसई. तीन बाजूंनी पाणी, साडेचार किलोमीटरच्या आसपास तट, त्यात बुरूज, एक जमिनीकडचा दरवाजा आणि एक समुद्राकडचा, आणि आत घरं, इस्पितळ, कॉलेज, आणि एकाहून एक चर्चेस. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन हे कॅथलिक धर्मगुरूंचे पंथ, प्रत्येक पंथाचं आपापलं चर्च आणि मठ. म्हणून तुम्ही आत गेलात की दर थोड्या अंतरावर एक उंच भिंत आणि कमान दिसते, आणि नवा माणूस गोंधळतो की नेमकं कुठलं काय.

आपल्याला जायचंय ते जेझुइटांचं. सोळाव्या शतकाच्या मध्यात त्यांनी इथे चर्च आणि त्याला लागून कॉलेज बांधलं, तेव्हा त्याचं नाव येशूच्या पवित्र नावावरून होतं. गोन्सालो गार्सिया हे नाव नंतरचं, आणि हा माणूस मात्र आपल्या वसईचा. जन्म इथलाच, १५५६-५७ च्या सुमारासचा, वडील पोर्तुगीज आणि आई इथली. याच जेझुइटांच्या शाळेत शिकला, पोरवयातच एका फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग व्यापार केला आणि तो चांगला चालला असताना सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन पंथात ब्रदर म्हणून गेला. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांनी गोन्सालोला परत जपानला पाठवलं ते दुभाषी म्हणून, कारण जपानी बोलणारा दुसरा कोण होता त्यांच्यात. तिकडे राज्यकर्त्यांची मर्जी फिरली, २६ जणांना धरलं, कान कापले, थंडीत चालवत नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसावर मारलं. त्यात हे एक. १८६२ मध्ये पोपनी त्या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं, त्यामुळे भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो गार्सियांचं नाव घेतात. तुमचं कोणी जपानला असेल तर त्यांना सांगा नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्या २६ जणांचं स्मारक आहे, १९६२ चं, त्यात आपला वसईकर उभा आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती वेळ तरी मी त्याचाच विचार करत होते, की खाडीच्या काठावरचं पोरगं, ते कुठे गेलं आणि कुठे संपलं.

आणि चौथी गोष्ट म्हणजे १७३९. चिमाजी अप्पांनी वेढा घातला, तटाखाली सुरुंग लावले, खूप माणसं पडली दोन्हीकडची, आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. त्यांना बायकामुलांसकट बाहेर पडू दिलं. हे शहर रिकामं व्हायला सुरुवात झाली ती तिथून. पोर्तुगीजांच्या काळात धर्माच्या नावाने इथल्या लोकांवर जुलूम झाला हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण आज त्या चर्चमध्ये गुडघे टेकणारी माणसं इथलीच आहेत, शेती करणारी, मासेमारी करणारी, घरात मराठी आणि कादोडी बोलणारी, त्यांना त्या जुन्या हिशोबात धरायचं नाही. पाहुण्यांमध्ये कधीकधी वाद निघतो म्हणून मी हे आधीच सांगून टाकते.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. सकाळी लवकर. मी तर म्हणेन साडेसात-आठला आत असायला हवं, कारण दहानंतर ऊन डोक्यावर येतं आणि सावली फक्त कमानीखाली. पावसाळ्यानंतर लगेच सप्टेंबर-ऑक्टोबरला हिरवंगार दिसतं पण गवत कमरेएवढं असतं आणि खाली काय आहे दिसत नाही, साप असतात, खोटं कशाला सांगू. भर पावसात जाऊच नका, शेवाळावरून घसरायला होतं आणि जुन्या भिंतींचे दगड सुटतात.

रविवारी गर्दी असते. तरीपण ज्यांना चर्चमध्ये माणसं बघायचीयत त्यांनी सणाला जावं. गोन्सालो गार्सियांचा सण फेब्रुवारीच्या आसपास असतो, नेमका दिवस त्या वर्षी वसईतल्या कुठल्याही चर्चच्या ऑफिसात फोन करून विचारायचा, ते सांगतात. त्या दिवशी दूरदूरच्या गावातून लोक येतात, जुन्या आजी लाल लुगड्यात आणि गळ्यात सोनं घालून, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मराठीत होते. एरवी रिकामा दिसणारा तो उंच हॉल तेव्हा भरलेला बघायचा आणि सगळ्यांचं मराठी गाणं त्या जाड भिंतींवरून परत येताना ऐकायचं. नुसत्या शांततेसाठी जायचं असेल तर मधला वार गाठा.

पोचायचं कसं

लोकलने आलात तर वसई रोड स्टेशन, पश्चिमेला बाहेर पडा. सकाळी दादर-अंधेरीहून विरारच्या दिशेने गाड्या त्यामानाने रिकाम्या असतात, उलटी गर्दी असते ना, त्यामुळे नवीन माणसाने घाबरायचं कारण नाही, मात्र परतताना संध्याकाळी हिशोब ठेवा. दिव्याकडून, भिवंडीकडून येणाऱ्यांना दिवा-वसई गाडी आहे पण फेऱ्या मोजक्या, वेळ बघून निघा.

स्टेशनवरून किल्ला लांब आहे, चालत जायचा विचार करू नका. बाहेर बस मिळते, शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाल्याला नुसतं 'किल्ला' म्हणू नका, आधी 'वसई गाव, पारनाका' म्हणा आणि तिथून पुढे 'किल्लाबंदर' ची दुसरी रिक्षा किंवा बस करा, हे स्वस्त पडतं. चारजण असाल तर सरळ स्पेशल करून टाका. आता २०२४ पासून भाईंदरहून रो-रो बोटपण सुरू झालीय, ती किल्ल्याजवळच्याच जेटीला लागते, मुलं बरोबर असतील तर त्यांना बोटीची मजा वेगळीच, वेळापत्रक भरती-ओहोटीप्रमाणे बदलतं म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्या.

पारनाक्यालाच पाण्याच्या बाटल्या घ्या, टॉयलेटला जाऊन या. आत दुकानं जवळपास नाहीत, टॉयलेटचा तर भरवसाच धरू नका, बायकांनी आणि वयस्कर माणसांनी हे खास लक्षात ठेवा. पायात बूट. चप्पल घालून आलेल्यांचे पाय मी धुवून दिलेत घरी, काटे असतात. किल्ल्याचं तिकीट मी आजवर कधी काढलेलं नाही.

आत शिरताना घाई नको

रस्ता तटाला भोक पाडून आत गेलाय त्यामुळे रिक्षा तुम्हाला थेट मध्यावर नेऊन सोडते, आणि तिथेच सगळं बिघडतं. मी रिक्षा तटाच्या बाहेर सोडायला लावते. तिथून जमिनीकडचा दरवाजा शोधा, चालत आत या. दरवाजा सरळसोट नाही, आत शिरलं की वळावं लागतं, दोन्ही बाजूंना उंच भिंती, समोरचं दिसत नाही. हल्ला करणाऱ्याला सरळ धाव घेता येऊ नये म्हणून तशी रचना. लहान मुलांना इथे पळायला सांगा, त्यांना लगेच कळतं की पळता येत नाही.

दरवाज्यातून आत आलात की मुख्य रस्त्याला लागा. चिमाजी अप्पांचं स्मारक लागेल, नमस्कार करा, पुढे चला. बालेकिल्ल्याचं दार वाटेत आहे, त्यावर पोर्तुगीज राजाची ढाल आणि कड्याकड्यांचा खगोल कोरलेला आहे, तिथे पाच मिनिटं. किल्ल्यात देवळं आहेत आपली, नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं, तिथे दिवाबत्ती असते. किल्ल्यात ताडी काढणारी माणसं, गुरं चारणारी माणसं भेटतील, चर्च कुठे असं विचारलंत तर ते उलट विचारतात कुठलं? तेव्हा 'गोन्सालोचं' म्हणा, 'छप्परवालं' म्हणा, हात करून दाखवतात. गूगल मॅपपण दाखवतो पण पायवाटेच्या बाबतीत माणसाला विचारलेलं बरं.

चर्चच्या समोर

आता इथे थांबा. लगेच आत जाऊ नका, आधी वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन दर्शनी भिंत पूर्ण डोळ्यात घ्या. आजूबाजूच्या पडक्या भिंतींच्या मानाने ही भिंत नेटकी वाटते. दारावर आय एच एस ही तीन अक्षरं आणि क्रूस शोधा. ती येशूच्या नावाची खूण, जेझुइटांची निशाणी. बाजूचे खांब बघा, दगडातच पन्हाळीसारख्या उभ्या रेघा कोरल्यात, वर पानांची नक्षी. सकाळचं तिरपं ऊन असेल तर त्या रेघांमध्ये सावली भरते आणि खांब गोल दिसायला लागतो, दुपारी तोच खांब सपाट वाटतो. लवकर या म्हणते ते एवढ्यासाठीपण.

शेजारी कॉलेजचे अवशेष आहेत, चौकाभोवती कमानी. इथेच कुठेतरी गोन्सालो पोर असताना शिकला असणार, असं मी प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि प्रत्येक वेळी मलाच अंगावर काटा येतो.

एक कळकळीची विनंती, खांबाच्या कडांवर, कमानींवर चढू नका. मागे एकदा दोन मुलं रील काढायला भिंतीवर चढलेली, मोबाइलवाला खाली, आणि वरचा दगड हलला. दगड बाजूला पडला, कोणाला लागलं नाही, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. चारशे वर्षांचा चुना आहे तो, आतून सुटलेला असतो, वरून कळत नाही. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, मोबाइलवर फोटो काढायला कोणी अडवत नाही पण लग्नाआधीचं शूटिंग, ट्रायपॉड, लाइट असलं काही असेल तर रीतसर परवानगी काढून या.

दार उघडं असेल तर

दार कधी उघडं असतं कधी बंद. बंद असेल तर राग मानू नका, जिथून दिसेल तिथून बघा आणि बाहेरच्या पायरीवर बसा, तेही पुष्कळ आहे.

उघडं असेल तर आत जा. पुरुषांनी टोपी काढायची, गॉगल डोक्यावरून उतरवायचा. बूट काढायची सक्ती चर्चमध्ये साधारण नसते, पण पुढे कोणी काढून ठेवले असतील तर आपणही काढावेत, एवढं सोपं आहे. मोबाइल सायलेंट. आत बोलायचं तर कुजबुजत. दर्शनी भाग एवढा भारी म्हणून आतही सोन्याची वेदी वगैरे असेल असं समजून बरेच जण येतात, गोव्याची चर्चेस बघितलेली असतात ना. इथे तसं काही नाही. उंच भिंती, वर छप्पर, समोर वेदी, बाकी मोकळी जागा. आधी थोडं ओकंबोकं वाटतं. पण मागच्या बाजूला शांत बसा, दहा मिनिटं, काही करू नका, आणि मग बघा भिंतीतल्या उंच खिडक्यांमधून उजेड कसा सरकतो ते. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे फार फिरू शकत नव्हत्या, त्यांना मी इथे बसवून बाकीच्यांना फिरवून आणायचे, आणि परत आलं की त्या म्हणायच्या अजून जरा वेळ बसू दे की गं.

वेदीच्या पायऱ्यांवर चढू नका, तिथे फोटोला पोज देऊ नका. तुमच्या देवघरात कोणी चढून सेल्फी काढला तर कसं वाटेल, तसंच ते. मेणबत्ती लावायची असेल तर कोणाला तरी विचारून, ठरवून दिलेल्या जागीच लावा, दगडावर कुठेही चिकटवू नका, मेणाचे डाग निघत नाहीत.

मिस्सा चालू असेल तर

हे जरा सविस्तर सांगते कारण इथे चुका होतात आणि कोणी समजावून सांगत नाही.

सणाच्या दिवशी गेलात आणि मिस्सा चालू असेल तर खुशाल आत जा, कोणी जात-धर्म विचारत नाही. मागच्या बाजूला जागा बघून बसा. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. ते गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही नुसतं शांत बसलात तरी चालतं. एका टप्प्यावर शेजारची माणसं वळून हात मिळवतात किंवा नमस्कार करतात, तो शांतीचा संदेश, तेव्हा हसून नमस्कार करा, मला तो क्षण फार आवडतो, अनोळखी आजी हात हातात घेऊन दोन सेकंद धरून ठेवते.

मग शेवटाकडे लोक रांग लावून पुढे जातात ती ख्रिस्तप्रसादाची रांग. तिथे आपण जायचं नाही. प्रसाद हा शब्द ऐकून आपल्याला वाटतं सगळ्यांनी घ्यावा, नाही घेतला तर अपमान होईल, पण तसं नाहीये, तो त्यांच्यात दीक्षा झालेल्यांनीच घ्यायचा असतो, त्यांच्या श्रद्धेने ते ख्रिस्ताचं शरीर असतं. माझी मावशी एका लग्नाला गेली होती तेव्हा भक्तिभावाने रांगेत उभी राहिली, हातावर तो पांढरा पातळ तुकडा घेतला आणि नातवंडांना द्यायला म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारून जागेवर येऊन बसली. कोणीतरी बघितलं. फादर स्वतः चालत तिच्यापर्यंत आले, खाली वाकले, हळू आवाजात म्हणाले, मावशी, तो मला परत द्याल का? आणि तिने गाठ सोडून दिला. पदर झटकू नका म्हणाले, बारीकसा कणपण त्यांनी बोटाने टिपून घेतला. एक शब्द रागाचा नाही. मावशीला मात्र नंतर फार वाईट वाटलं, रात्री जेवली नाही. म्हणून सांगते, रांग लागली की जागेवर बसून राहा, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

नंतर पायाखाली बघा

चर्च झालं की अंगात जोर असेल तर सेंट अँथनीच्या चर्चमध्ये जा, फ्रान्सिस्कनांचं. छप्पर नाही. इथे सगळे मान वर करून कमानींचे फोटो काढतात आणि चालतात मात्र थडग्यांवरून, कळतही नाही. जमिनीवरच्या मोठ्या आडव्या फरशा नीट बघा, त्यांवर अक्षरं आहेत. पोर्तुगीज येत नसलं तरी दोन-तीन शब्द ओळखता येतात. 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगं. 'हेर्देइरोस' म्हणजे वारस, अमक्याचं आणि त्याच्या वारसांचं थडगं असं लिहायची पद्धत होती, एकाच दगडाखाली पिढ्या. जुन्या लिखाणात यू च्या जागी व्ही कोरतात आणि जे च्या जागी आय, एवढं माहीत असलं की अक्षर लावता येतं. शब्द जोडून जोडून लिहिलेत, जागा वाचवायला एका अक्षराच्या पोटात दुसरं अक्षर बसवलंय. माझ्या मुलीने आठवीत असताना एका फरशीवर उकिडवं बसून बोटाने एकेक अक्षर चाचपत 'हेर्देइरोस' पूर्ण लावलं होतं, पाऊण तास लागला, आणि तिथून उठायलाच तयार नव्हती.

खडूने अक्षरं भरू नका, पाणी-तेल ओतू नका. तिरपं ऊन आणि धीर, एवढंच पुरतं. पालापाचोळा हाताने बाजूला करायचा असेल तर आधी काठीने हलवा.

शेवटी मोठं चर्च आणि दर्या

समुद्राच्या दरवाज्याच्या बाजूला सेंट जोसेफ आहे, हे शहराचं मुख्य चर्च होतं, कॅथेड्रल म्हणतात. सोळाव्या शतकातलं, १६०१ मध्ये नव्याने बांधलं, तेव्हा गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस होते, दारावरच्या शिलालेखात ते नोंदवून ठेवलंय. याचा मनोरा लांबूनही दिसतो. आत वर जायचा गोल जिना आहे, त्यावर चढू नका, मी स्वतः कोणाला चढू देत नाही. खाली उभं राहून वर बघा.

मनोरा रिकामा आहे. घंटा नाही.

आता हे माझं स्वतःचं. माझं माहेर वाईचं. लहानपणी सुट्टीत आम्ही मेणवलीला जायचो, नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर छोट्याशा देवळासारख्या बांधकामात टांगलेली एक प्रचंड घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली एक बाई कोरलेली. आम्ही पोरं तिला देवी म्हणायचो, आजीपण हळदकुंकू वाहायची. लग्न होऊन वसईला आले, आणि काही वर्षांनी या मनोऱ्याखाली उभी असताना बरोबरचे एक काका म्हणाले की इथल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे घेऊन गेले, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, तिच्यावर १७२१ साल आहे, एक भीमाशंकरला, आणि एक वाईजवळ मेणवलीला. मी मटकन खाली बसले. ती बाई म्हणजे मरियम होती. कुठल्या घंटेचा मनोरा कुठला ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही, पण तेव्हापासून मी कुठल्याही पाहुण्याला या मनोऱ्याखाली आणल्याशिवाय परत पाठवत नाही.

तिथून समुद्राच्या दरवाज्यातून बाहेर पडलात की किल्लाबंदर, कोळीवाडा, बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत घातलेले, होड्या, आणि कोळी बायका जाळी आवरत बसलेल्या. विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका, विचारलंत तर बहुतेक हो म्हणतात. नाक दाबून चालू नका, तो त्यांचा रोजगार आहे. इथूनच परतीची बस किंवा रिक्षा पकडायची, म्हणजे परत तेवढं चालावं लागत नाही. सूर्यास्ताला थांबायचा मोह होतो पण आत दिवे नाहीत, अंधार पडायच्या आधी तटाबाहेर असा, बायका एकट्या असतील तर नक्कीच.

येताना वसई गावात सुकेळी मिळाली तर घ्या, पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात आणि पानात बांधून देतात, रंग मधासारखा येतो. चांगली सुकेळी चिकट असते पण ओली नसते, दाबून बघा. घरी नेऊन महिनाभर पुरवून खाता येते.

आणि मग कधी महाबळेश्वरला निघालात आणि वाईत थांबलात तर मेणवलीची रिक्षा करा, तीनेक किलोमीटर आहे फक्त. वाडा बघून झाला की मागच्या दाराने घाटावर उतरा. घंटेपाशी गर्दी नसते. फिरून बघा, तिच्या पोटावर ती बाई आणि तिच्या कडेवरचं बाळ दिसेल, वर हळदकुंकवाचे डाग असतील. वाजवायची तर हळूच वाजवा, एकदाच, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत हात लावू नका.